मेलॉक्सिकॅमची सुई: गोठ्यात तीन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये. मेलॉक्सिकॅम हे जनावरांच्या ताप, सूज, दुखण्यावरचं औषध बऱ्याच कंपन्या बनवतात, मी आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या लेबलांच्या बाटल्या वापरल्या आणि मला तरी त्यांच्यात फार फरक वाटला नाही, म्हणून औषधाबद्दलच लिहितेय. आमच्याकडे सहा ढोरं आहेत, तीन क्रॉस जर्सी, दोन गावरान गाई आणि एक म्हातारा बैल. गाव पेंचच्या जंगलापासून फार लांब नाही. हे गाव कुठे आहे ते मुद्दाम सांगतेय कारण या रिव्ह्यूतली अर्धी गोष्ट त्याच्यामुळे आहे, अर्धी गोष्ट गिधाडांची आहे.

पहिल्यांदा ही सुई आमच्या गोठ्यात आली २०२२ ला, लम्पीच्या साथीत. त्या वर्षी पोळासुद्धा नीट भरला नाही, बैल घरातल्या घरातच पुजले. आमच्या चंद्रीच्या अंगावर गाठीच गाठी, ताप उतरेना, पुढचे दोन्ही पाय सुजलेले, गव्हाणीत टाकलेल्या वैरणीला तोंड लावेना. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, तपासलं, अँटिबायोटिक दिलं आणि सोबत मेलॉक्सिकॅम. पिवळसर पाण्यासारखं औषध, तपकिरी काचेची बाटली, वर रबरी बूच. मी सुई टोचताना गाईचं डोकं धरून उभी होते म्हणून हे सगळं लक्षात आहे. दुपारी सुई झाली, रात्रीपर्यंत काही फरक नाही, मला वाटलं गेली आता. पहाटे धार काढायला गेले तर चंद्री रवंथ करत बसली होती. ज्यांच्या घरी ढोरं आहेत त्यांना कळेल, आजारी गाय रवंथ करताना दिसली की काय वाटतं ते.

त्यानंतर तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप आला तेव्हा, कासेला सूज आली तेव्हा, एकदा बैल खड्ड्यात पाय पडून लंगडायला लागला तेव्हा, प्रत्येक वेळी डॉक्टरांनी हेच दिलं. तर औषध म्हणून माझं मत असं. ताप उतरवतं, सूज उतरवतं, दुखणं कमी करतं, पण दम धरावा लागतो. आधी जे डायक्लो, म्हणजे डायक्लोफेनॅक, मिळायचं त्याने जनावर तासाभरात उठल्यासारखं वाटायचं असं आमचे मामाजी म्हणतात, म्हणजे माझे सासरे, आणि गावातली बरीच मंडळी अजून तेच म्हणतात. माझ्या अनुभवात मेलॉक्सिकॅमला थोडा जास्त वेळ लागतो, संध्याकाळी दिलं तर सकाळी फरक दिसतो. पण एकदा फरक पडला की दिवसभर टिकतो, परत परत सुई द्यावी लागत नाही. सुई देताना गाय थोडी सरकते, पाय आपटते, त्या जागी कधीकधी जरा गाठ राहते, दोन दिवसात जाते. डोस जनावराच्या वजनावर असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा, शेजारच्याच्या गाईला एवढं दिलं म्हणून आपल्या कालवडीला तेवढंच असं करू नका. आणि दुधाचं विचारून घ्या. सुई दिल्यावर काही दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, तो तोटा आहे, मी तो तोटा सोसते आणि तो मला जड जातो हेही खरं आहे. पण तो दुसऱ्या बऱ्याच वेदनाशामकांतही आहेच.

किमतीचं म्हणाल तर आता डायक्लोच्या आसपासच पडतं. म्हणजे महाग आहे म्हणून घेत नाही हे कारण राहिलेलं नाही.

आता गिधाडांचं.

मामाजी सांगतात, त्यांच्या तरुणपणी गावात ढोर मेलं की नाल्याच्या पलीकडे ढोरफोडीला नेऊन टाकायचे, आणि घरी येऊन हातपाय धुवून चहा घेईपर्यंत आकाशात घिरट्या सुरू झालेल्या असायच्या. पंचवीस, तीस, कधी जास्त. तास दोन तासात नुसता सांगाडा. वास नाही, माश्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जागेवर कुत्री होती, वीस-पंचवीस कुत्री, आणि मेलेलं ढोर आठ-आठ दिवस सडत पडायचं. त्या वाटेने पोरांना शाळेत पाठवायला भीती वाटायची. गिधाडं कुठे गेली असं मी विचारलं की सगळे वेगवेगळं सांगायचे, कोणी म्हणायचं झाडं तोडली म्हणून गेली, कोणी म्हणायचं टॉवर आले म्हणून.

खरं कारण आमच्याच खोक्यात होतं, औषधाच्या. हे मला डॉक्टरांनी चंद्रीच्या वेळीच सांगितलं, आणि नंतर मी जमेल तेवढं वाचलं. राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात नव्वदच्या दशकात पक्ष्यांचे अभ्यासक डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं भराभर मरतायत. अन्न भरपूर होतं तरी मरत होती. मग २००४ साली लिंडसे ओक्स या अमेरिकन संशोधकाच्या टीमने पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासून कारण सांगितलं, डायक्लोफेनॅक. ज्या ढोराला मरायच्या दोन-तीन दिवस आधी डायक्लोफेनॅक दिलेलं असतं त्याचं मांस, विशेषतः काळीज म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडं, गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नाही, ते आतल्या आत साठतं, काळजावर, हृदयावर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर बसतो, आणि पक्षी मरतो. आपल्या हातून दिलेल्या एका सुईने. आपण तर गाय वाचावी म्हणून दिलेली असते.

आकडा ऐकून मी दोनदा विचारलं होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एकच उरली, ९९.९ टक्के गेली. लांब चोचीची आणि त्यांची भावंडं म्हणावीत अशी सडपातळ चोचीची, ती ९७ टक्क्यांच्या आसपास गेली. आणि हे व्हायला सगळ्याच ढोरांत विष असावं लागत नाही, शंभर मेलेल्या ढोरांत एकापेक्षाही कमी ढोरात हे औषध असलं तरी एवढा नाश होऊ शकतो असा हिशोब संशोधकांनी मांडलाय, कारण एका ढोरावर पूर्ण थवा जेवतो. एक पंगत आणि अख्खा थवा संपला. म्हणून माझं म्हणणं आहे की "माझ्या एका गाईने काय होतंय" हे वाक्य या बाबतीत चालतच नाही.

सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद केलं. पण माणसांचं चालू होतं आणि ते मोठ्या बाटलीत मिळायचं, तीस-तीस मिलीच्या, जी माणसाला कधी लागतच नाही, ती गाईलाच टोचली जायची. म्हणून २०१५ ला माणसांची कुपी ३ मिलीची केली. मग २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक बंद झालं, असिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं. २०२४ संपता संपता निमेसुलाइडवरही जनावरांसाठी बंदी आली. फ्लुनिक्सिन नावाचं आणखी एक आहे, त्याने मेलेलं गिधाड स्पेनमध्ये सापडलंय, तेही मी घेत नाही. सुरक्षित म्हणून ठरलेली दोन, मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनामिक अ‍ॅसिड. मेलॉक्सिकॅम गिधाडांवर रीतसर तपासून पाहिलंय, आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर मग आपल्याकडच्या, आणि २००६ मध्ये ते निकाल छापून आले. त्यांच्या शरीरातून ते लवकर निघून जातं, मूत्रपिंडांना धक्का लागत नाही. म्हणजे माझ्या हातातल्या त्या पिवळ्या औषधाचं गाईवरचं काम मी बघितलं, गिधाडावरचं काम शास्त्रज्ञांनी बघितलंय.

आणि हे सगळं आमच्यासाठी का तातडीचं आहे तर २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून २० गिधाडं आपल्या विदर्भात आणली, ताडोबा आणि पेंचला. पिंजोरचं जटायू केंद्र बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि हरियाणाच्या वनखात्याने मिळून चालवलंय, तिथे वीस वर्षांपासून गिधाडांची पैदास करतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. एकच. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालायला पाच वर्षं लागतात. केंद्रात पहिलं अंडं उचलून मशीनमध्ये उबवतात म्हणजे जोडी दुसरं अंडं घालते, असं करून करून संख्या वाढवलीय. त्यांना खायला ज्या बकऱ्या देतात त्यासुद्धा आधी आठवडाभर वेगळ्या ठेवतात, अंगात कुठलं औषध असेल तर निघून जावं म्हणून. एवढं जपून वाढवलेली पाखरं. विदर्भात आणल्यावर लगेच सोडली नाहीत, जंगलातच मोठ्या पिंजऱ्यात ठेवली, तिथली हवा, तिथले आवाज, वरून जाणारी रानटी गिधाडं यांची सवय होऊ दिली, पाठीवर जीपीएसचं यंत्र बसवलं आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं. ताडोबातून सुटलेलं एक तर उडत उडत थेट तमिळनाडूत पोचलं. शंभर किलोमीटर त्यांना काहीच नाही, म्हणून गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र ठरवतात ते चारही बाजूंना १०० किलोमीटरपर्यंतचं असतं. आता त्या घेरात किती गोठे आले, किती औषधांची दुकानं आली, विचार करा. जंगलात वनखातं राखण करेल. गोठ्यात कोण करणार, आपणच ना.

आता माझ्यावर ओढवलेला प्रसंग. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही कारण हे एका दुकानाचं नाहीये.

गेल्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी आमचा दुसरा बैल, राजा, रात्रीतून खाली बसला. अंग तापलेलं, उठेना. डॉक्टर बाहेरगावी, फोनवर म्हणाले मेलॉक्सिकॅम घेऊन ठेवा, मी सकाळी येतो. मी पुतण्याला तालुक्याच्या मेडिकलवर पाठवलं. तो गडबडीत, रात्रीचे साडेनऊ, दुकान बंद व्हायची वेळ. त्याने मागितलं मेलॉक्सिकॅमच, दुकानदार म्हणाला ते संपलंय, हे घेऊन जा, सेम काम करतं, उलट लवकर करतं. पाच छोट्या काचेच्या कुप्या दिल्या, बिल दिलं नाही. आणि गावात एक खाजगी सुई देणारा आहे, मामाजींनी माझ्या नकळत त्याला बोलावून घेतलं कारण बैल त्यांचा जीव की प्राण होता, त्याने पाचही कुप्या फोडून एकाच सिरिंजमध्ये भरून दिल्या. मी घरात दूध तापवत होते. बाहेर आले तेव्हा उंबऱ्याजवळ फुटलेल्या कुप्यांच्या माना पडल्या होत्या, पाच, मी एक कुपी उचलून मोबाईलच्या उजेडात वाचली. डायक्लोफेनॅक. ३ मिली. माणसांसाठीची.

राजा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. त्या सुईमुळे गेला असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले त्याला आतून आधीच काहीतरी झालं होतं. पण आता प्रश्न असा की राजाच्या अंगात डायक्लोफेनॅक होतं आणि आमच्याकडे मेलेलं ढोर उघड्यावर टाकतात. जंगलाच्या बाजूलाच. जिथे त्याच्या अडीच महिने आधी गिधाडं सोडली त्याच बाजूला.

मी म्हटलं पुरायचं. मामाजी गप्प बसले, मग म्हणाले, "ढोर पुरायले जेसीबी? काहून गं?" त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, बैल गेल्याचं दुःख वेगळं आणि वरून हा खर्च. मी त्यांना ती रिकामी कुपी दाखवली. म्हटलं मामाजी, तुम्हीच सांगता ना, पंचवीस-तीस उतरायची म्हणून, ती यानेच गेली. त्यांनी ती कुपी हातात घेऊन बराच वेळ बघितली, त्यांना वाचता येत नाही तरी फिरवून फिरवून बघितली. मग स्वतः उठले आणि जेसीबीवाल्याला फोन लावायला सांगितलं. आपल्याच शेताच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, खोल खड्डा घेतला, मीठ आणि चुना टाकला, राजाला ठेवलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वरून काटेरी फांद्या आणि दगड. खर्च झाला, मला त्याचं काही वाटत नाही.

त्या दुकानात मी नंतर गेले. भांडायला गेले होते खरं सांगायचं तर. तो म्हणाला ताई, लोक मागतात, मी काय करू, मेलॉक्सिकॅम ठेवलं तर म्हणतात हे हळू चढतं. मी म्हटलं भाऊ, माझ्या पुतण्याने तर मेलॉक्सिकॅमच मागितलं होतं ना. तो काही बोलला नाही. आता तिथे मेलॉक्सिकॅम दिसतं, पुढच्या फळीवर, पण मागच्या फळीवर काय आहे ते मला दिसत नाही. बीएनएचएसची माणसं साधं गिऱ्हाईक बनून दुकानांत जाऊन विचारतात, म्हशीला ताप आहे काय देता, आणि काय मिळतं त्याची नोंद करतात, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. हे काम सतत व्हायला पाहिजे, प्रत्येक तालुक्यात.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. दोन बाटल्या मेलॉक्सिकॅम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन घरातच ठेवते, म्हणजे रात्री-बेरात्री कोणाच्या दारात जायला नको. बाटली घेताना पुढचं मोठं नाव वाचायचं नाही, बाटली फिरवून मागे बारीक अक्षरात काय घटक लिहिलाय ते वाचायचं, कारण एकाच कंपनीची मिळत्याजुळत्या नावाची दोन औषधं असतात आणि आत वेगळंच निघतं, मला एकदा तसं मिळालंय, नाव ऐकायला मेलॉक्सिकॅमसारखंच आणि आत निमेसुलाइड. मी जागेवर परत केलं. बिल मागायचंच. आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवते, कोणाला कधी काय दिलं, म्हणजे जनावर दगावलं तर उघड्यावर टाकायचं की पुरायचं ते कळतं. मामाजींना वाचता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी खूण केलीय, मेलॉक्सिकॅम असेल तर पिवळा खडू, दुसरं काहीही असेल तर लाल.

या वर्षी पावसाळ्यात चंद्री गेली. म्हातारी झाली होती, शेवटचे दहा दिवस बसूनच होती, डॉक्टर मेलॉक्सिकॅम देत राहिले म्हणून तिला फार त्रास झाला नाही असं मला वाटतं. तिच्या नावापुढे भिंतीवर सगळा पिवळा खडू. डॉक्टरांनी बघून सांगितलं फाशी रोग (अँथ्रॅक्स) वगैरे काही नाही, टाकायला हरकत नाही. मामाजी स्वतः ट्रॅक्टरवर बसून नाल्याच्या पलीकडे गेले. कुत्री आली, कावळे आले, घारी आल्या. गिधाड आलं नाही. मामाजी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बघत होते, आल्यावर मला फक्त मान हलवून नाही म्हणायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, उंचावर एक मोठं पाखरू फिरत होतं, पंख न हलवता, खाली नाही आलं. घार नव्हती म्हणाले, घार मी ओळखतो. मी काही बोलले नाही कारण मी बघितलं नाही, पण वनरक्षकाला फोन करून वेळ आणि जागा सांगितली.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो सुई दुखते म्हणून आणि लहान गावात रात्री मिळत नाही म्हणून, औषधाच्या गुणात कमी नाही. कंपन्यांना एक विनंती, घटकाचं नाव बाटलीच्या पुढच्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरात छापा. आमच्याकडे सुई बहुतेक वेळा कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात भरली जाते.